अंजिराबाईंच्या डाव्या कानाबाबत

विषय : श्रीमती अंजिरा पोपट शेलार, वय ५४, व्यवसाय पिठाची गिरणी, यांना सदसद्विवेक पुरवण्यात आलेला नसतानाही त्यांचे वर्तन बावीस वर्षे चांगले असल्याबाबत.

संदर्भ : (१) गिरणीच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्यांचा अर्ज. (२) कान तपासणीचा अहवाल, निरंक. (३) कार्यालयात झालेली तोंडी चर्चा, जी झाली नाही असे समजावे.

उपरोक्त विषयाबाबत वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे.

आमच्याकडे मूल सात वर्षांचे झाले की त्याला विवेक देतात. तालुक्याच्या कार्यालयातून माणूस शाळेत येतो, मुलाला बाकावर उजव्या कुशीवर झोपवतो आणि डाव्या कानात एक कुपी ओततो. कानात कापूस घालून मुलाला दोनशेपर्यंत आकडे म्हणायला लावतात. आई बाजूला उभी राहून "हलू नकोस, सांडेल" म्हणते. दोनशे झाले की विवेक आत बसतो आणि पुढे आयुष्यभर योग्य वेळी त्या कानात "नको" म्हणतो. एवढेच म्हणतो. काहींचा खणखणीत असतो, काहींचा पुटपुटतो. माझा जुन्या साठ्यातला आहे. तो "नको" म्हणण्याआधी खाकरतो, आणि पुष्कळदा तेवढ्या वेळात काम होऊन जाते.

माणूस जन्मतः रिकामा डबा असतो आणि बरे-वाईट त्यात बाहेरून घालावे लागते, या सिद्धान्तावर आमचे खाते उभे आहे. उलट मताचेही लोक आहेत. बऱ्या-वाईटाची जाण बीजासारखी आतच असते आणि वयाबरोबर पायरीपायरीने वाढते, असे ते म्हणतात. तत्त्वज्ञांनी यावर बरेच लिहिले आहे आणि नोकरीत असताना दुपारच्या वेळी मी त्यातले बरेच वाचले आहे. त्यांच्यापैकी कुणी गिरणी चालवल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी या कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्यासाठी मला मानधनावर परत बोलावण्यात आले आहे. माझ्या टेबलावर पूर्वी होती तीच प्रकरणे आहेत.

यंदा नवा नियम आला. दुसऱ्याची वस्तू ज्यांच्या हाताखालून जाते, अशा सर्वांची, म्हणजे गिरणीवाले, शिंपी, सोनार, इस्त्रीवाले यांची, परवाना नूतनीकरणाच्या वेळी कान तपासणी करावी. तपासणी सोपी आहे. अधिकारी अर्जदाराच्या डाव्या कानाला पितळी नरसाळे लावतात आणि एक ठरलेला प्रश्न विचारतात. आतून "नको" ऐकू आले की शिक्का मारतात.

आमच्या प्रभारी अधिकारी श्रीमती उज्ज्वला निकुंभ यांनी अंजिराबाईंना नरसाळे लावले आणि प्रश्न वाचला, "शेजारणीचं पातेलं तुमच्याकडे राहिलं आहे आणि ती विसरली आहे. ठेवून घ्यावं का?"

आतून काही आले नाही. निकुंभ मॅडमनी नरसाळे झटकून पुन्हा लावले आणि प्रश्न मोठ्याने वाचला.

"मॅडम, मला ऐकू येतंय की," अंजिराबाई म्हणाल्या. "पण कुठल्या शेजारणीचं? पार्वतीकाकूचं असंल तर ते मी कालच दिलं."

"तुम्ही बोलू नका. आतून उत्तर यायला हवं."

"आतून म्हंजे कुठनं?"

मॅडमनी मला बोलावले. मीही कान लावून पाहिला. रिकाम्या रांजणात यावा तसा घुमारा येत होता, बाकी काही नाही. अहवालात "निरंक" लिहिले. विवेक नाही म्हणजे परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणजे साठ दिवसांनी गिरणीला टाळे.

अंजिराबाईंनी अहवालावर अंगठ्याऐवजी सही केली. खाली घातलेली तारीखही बरोबर होती. मला तिथेच संशय आला.

कारण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "कुपी दिली" असे स्पष्ट होते. दिलेला विवेक कानात नसेल तर त्याचे तीन अर्थ निघतात. तो हरवला, विकला, किंवा दुसऱ्याला वापरायला दिला. तिन्ही गुन्हे आहेत. मॅडम म्हणाल्या, "कुलथेसाहेब, बावीस वर्षं ही बाई विवेकाशिवाय लोकांच्या डब्यात हात घालते आहे. जरा बघा, किती घातला."

मी बघायला लागलो.

पहिल्या आठवड्यात मी चार वेगवेगळ्या घरांतून बरोबर दहा-दहा किलो गहू मोजून गिरणीत पाठवला. नियमाप्रमाणे दहा किलोमागे दोनशे ग्रॅम घट मान्य आहे. थोडे पीठ उडते, थोडे दगडाला राहते, थोडे गिरणीवाल्याला राहते. हे तिसरे नियमात लिहिलेले नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. अंजिराबाईंकडून चारही डबे प्रत्येकी साठ ग्रॅम कमी आले.

"नियमापेक्षा कमी घट," निकुंभ मॅडम आकडे पाहून म्हणाल्या. "म्हणजे वरून काहीतरी मिसळते."

पीठ तपासले. गव्हाचेच होते.

दुसऱ्या आठवड्यात मी गव्हात एक सोन्याची अंगठी टाकली. डबा संध्याकाळी परत आला, वर कागदाच्या पुडीत अंगठी होती. मी स्वतः गिरणीत जाऊन चौकशी केली.

"अंगठी परत का दिली?"

"दगडाला टवका पडतो साहेब. परवाच टाकी मारून घेतलाय."

हे कारण नैतिक नव्हते. ते दगडाच्या हिताचे होते. म्हणून पुढच्या डब्यात मी दगडाला अपाय न करणारी वस्तू टाकली, एक कोरी नोट. तीही परत आली.

"ही का दिली?"

"शाईचा वास लागतो पिठाला."

तिसऱ्या खेपेला मी डब्यात नुसता दोन किलो गहू जास्त भरला आणि डबा आणणाऱ्या बाईला तो दहा किलोच असल्याचे सांगायला लावले. गव्हाने दगड बिघडत नाही आणि गव्हाला गव्हाचा वास लागायला हरकत नसते. अंजिराबाईंनी बारा किलोंचे पीठ दिले आणि त्या बाईला म्हणाल्या, "तुमचा घरचा काटा बघून घ्या. नाहीतर रोज भाकरी जास्त व्हायच्या आणि सुनेला बोल लागायचा."

मी गिरणीच्या समोर, जालिंदर सायकलवाल्याच्या दुकानात स्टूल टाकून दहा दिवस बसलो. गिरणीत येणारा प्रत्येक माणूस संशयी असतो. डबा ठेवतानाच झाकण उघडून धान्य कुठल्या रेघेपर्यंत आहे ते बघून ठेवतो, आणि पहिला प्रश्न विचारतो, "आधी काय दळलंय?" कारण आधीच्याचे पीठ दगडात राहते आणि पुढच्याच्या डब्यात उतरते. कुठलाही गिरणीवाला यावर "गहूच होता" म्हणतो. अंजिराबाई म्हणायच्या, "आत्ताच बाजरी निघालीय. तुमची पहिली ओंजळ काळी पडंल. घाई असंल तर पुढच्या गल्लीत जावा." तीन गिऱ्हाइके माझ्यासमोर पुढच्या गल्लीत गेली.

"काय साहेब, सापडलं का काही?" जालिंदर रोज विचारायचा.

"तपास चालू आहे."

"चांगलं करताना पकडलीय म्हणा तिला. पळून जाईल, लक्ष ठेवा."

अकराव्या दिवशी मी नमुना सात घेऊन गिरणीत गेलो. वर्तनाचे मूळ शोधण्यासाठी हा नमुना आहे. त्यात पाच रकाने आहेत : शिक्षेची भीती, लाभाची आशा, लोक काय म्हणतील, नियम आहे म्हणून, आणि तत्त्व. लहान मूल पहिल्या रकान्यात असते आणि वाढत वाढत पुढे सरकते अशी अपेक्षा आहे. बहुतेक लोक तिसऱ्यात निवृत्त होतात. पाचव्यात आजवर एकच नोंद आहे, आणि ती व्यक्ती तेव्हा निवडणुकीला उभी होती.

अंजिराबाई दगडाची घडघड थांबवून समोर बसल्या. भुवयांवर पीठ होते.

"तुम्ही पीठ चोरत नाही, ते शिक्षेच्या भीतीने का?"

"शिक्षा कोण देणार? तुम्ही तर आता आलात."

"लाभासाठी? गिऱ्हाईक वाढावं म्हणून?"

"तीन गेली की तुमच्या देखत."

"लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोक म्हणत्यातच. दोन किलो जास्त दिलं तरी ती बाई म्हणाली, पीठ भिजकं दिसतंय."

"नियम आहे म्हणून?"

"नियमात तर दोनशे ग्रॅम आपलंच आहे म्हणं."

हे त्यांना कुठून कळले याची वेगळी नोंद घेतली. "मग तत्त्व?"

"ते काय असतं?"

मी समजावले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, "न्हाई बा. एवढा वेळ नसतो. डबा येतो, दळते, देते."

"पण हात डब्यात असतो तेव्हा मनात काय येतं? घ्यावं की न घ्यावं, हे ठरवता कसं?"

"ठरवत न्हाई."

"मग?"

"मग काय? पीठ तिचं असतं."

हे उत्तर पाचपैकी कुठल्याच रकान्यात बसेना. समासात लिहिले आणि खाली "समास अपुरा" असा शेरा मारला. मग त्यांनीच मला विचारले, "साहेब, तुमच्या कानात तो काय बोलतो?"

"नको म्हणतो."

"कधी 'कर' म्हणतो का?"

"माझा तरी नाही."

"मग करायचं काय ते तुम्हाला कोण सांगतं?"

नमुन्यात अर्जदाराने प्रश्न विचारण्याची तरतूद नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

कुपीबद्दल विचारल्यावर मात्र त्यांनी सरळ सांगितले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी शाळेत विवेक द्यायचा दिवस आला, तेव्हा त्यांचा डावा कान फुटलेला होता. पू येत होता. गुरव गुरुजी म्हणाले, वाहत्या कानात ओतून वाया जाईल, पुढच्या आठवड्यात बघू. पुढचा आठवडा आला नाही. वर्गात त्रेचाळीस मुले, त्रेचाळीस कुप्या. अहवाल शंभर टक्के जायला हवा म्हणून गुरुजींनी अंजिराबाईंच्या नावापुढेही "दिली" लिहिले. इथपर्यंत कामकाज नेहमीप्रमाणे झालेले दिसते.

प्रश्न उरलेल्या कुपीचा होता. गुरुजी हयात नाहीत. परंतु ते काटकसरी गृहस्थ होते आणि फोडलेली कुपी टाकून देतील असे वाटत नव्हते. त्यांचा मुलगा पुरुषोत्तम त्याच वर्गात होता. गुरुजींनी ती कुपी त्याच्या उजव्या कानात ओतल्याचे चौकशीत निघाले. वाया जाऊ नये म्हणून.

पुरुषोत्तम गुरव नगर वाचनालयात आहेत. मी गेलो तेव्हा ते वाचनालयाच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे होते. सकाळपासून उभे होते असे समजले.

"या," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले. "म्हणजे, येऊ नका असंही नाही."

"तुमच्या उजव्या कानात एक विवेक जास्तीचा आहे. मूळ मालकाला परत द्यायचा आहे."

"द्यायलाच हवा." त्यांचा चेहरा उजळला, मग दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा झाला. "डावा म्हणतो, देऊ नको, वडिलांची ठेव आहे. उजवा म्हणतो, ठेवू नको, दुसऱ्याची आहे."

"तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं?" त्यांनी आधी आतल्या पायाकडे पाहिले, मग बाहेरच्या. "मला कधी बोलायला मिळालं नाही हो. चोपन्न वर्षांचा झालो. एक स्थळ आलं होतं चांगलं. हो म्हणू नको, नाही म्हणू नको. त्या मुलीला आता नातू आहे."

मी संमतीपत्र पुढे केले. डावा म्हणाला सही करू नको, उजवा म्हणाला कागद परत देऊ नको. कागद त्यांच्या हातात ठेवून मी परत आलो. नियमाप्रमाणे आठ दिवसांनी स्मरणपत्र पाठवले. तेही त्यांनी हातात धरले आहे.

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. निकुंभ मॅडमनी दार लोटून घेतले. संदर्भ तीनमधली चर्चा ती हीच.

"कुलथेसाहेब, हे बाहेर गेलं तर?"

"काय बाहेर गेलं तर?"

"की एक बाई न ओतताच बरी वागते आहे. उद्या कुणीतरी म्हणेल, हे आतच असतं. मग ह्या कुप्या कशाला? हे खातं कशाला? अकरा हजार कुप्या गोदामात पडल्यात, त्यांची मुदत मार्चला संपते." त्यांनी नरसाळे उलटसुलट करून पाहिले. "बावीस वर्षांत एक मूठ तरी घ्यायला हवी होती तिने. माणसाने इतकं गैरसोयीचं असू नये."

"नवीन कुपी देता येणार नाही का तिला?"

"मोठ्या माणसाला नियम चौदा लागतो."

नियम चौदा मला पाठ आहे. प्रौढ व्यक्तीस तातडीने विवेक पुरवता येतो, मात्र गरज सिद्ध झाली पाहिजे. गरज सिद्ध होते ती एका तरी वाईट कृत्याने, दोन पंचांसमक्ष. ज्याने वाईट कृत्य केलेले नाही त्याला विवेकाची गरज आहे असे मानता येत नाही. आणि ज्याला विवेक नाही त्याला परवाना मिळत नाही.

"मग एक मूठ घेऊ दे तिला," मॅडम म्हणाल्या. "एकच. पंचनामा करा, कुपी ओता, शिक्का मारा. सगळं नियमात बसेल आणि ती सुखी होईल."

मी पत्राचा मसुदा केला : "आपणांस कळविण्यात येते की, आपण दिनांक अमुक रोजी सकाळी साडेदहा वाजता एका गिऱ्हाइकाच्या डब्यातून त्याच्या नकळत एक मूठ पीठ घ्यावे." लिहिताना माझा कान खाकरला. पण पत्राला जावक क्रमांक पडल्यावर गप्प बसला. जावक क्रमांक असलेल्या कागदाला तो सहसा हरकत घेत नाही.

डबा कुणाचा, हा प्रश्न होता. परक्याचा डबा निवडणे मला बरे वाटेना, म्हणून माझ्याच घरचा निवडला. सौभाग्यवतींना सांगितले नाही. नकळत असणे ही नियमाची अट आहे.

अंजिराबाईंनी पत्र दोनदा वाचले.

"हे खरं पत्र आहे?"

"खालचा शिक्का बघा."

"न्हाई घेतली तर?"

"तर सोमवारी गिरणीला टाळं."

त्या दगडाकडे बघत राहिल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान पोपट शेलार गेले तेव्हा गिरणीवर आठवड्याचे दळण पडून होते. तेराव्यानंतर सुरू करू, असे दीर म्हणाले होते. अंजिराबाईंनी तिसऱ्याच दिवशी पट्टा चढवला, कारण लोकांच्या घरी पीठ संपले होते. ही गोष्ट मला जालिंदरने सांगितलेली असून ती नमुन्यात कुठे लिहावी हे स्पष्ट नाही. त्या गिरणीवर दोन मुली शिकल्या. दुसरे कुठले काम त्यांना येत नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी कुणी शिकवतही नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "समजा एकदा घेतली. आणि गोडी लागली तर? मला आत काही न्हाई म्हणता. मग थांबवणार कोण?"

"त्यासाठीच तर विवेक देणार आहोत."

"म्हंजे आधी ताप आणायचा, मग गोळी द्यायची."

"पद्धत तशी आहे."

ठरल्या दिवशी साडेदहाला आम्ही जमलो. एक पंच जालिंदर, दुसरे पंच पोस्टातले निवृत्त शिपाई नाथा ढोबळे. निकुंभ मॅडम फडक्यात गुंडाळलेली कुपी घेऊन आल्या होत्या. आमचा डबा दळून तयार होता. पीठ गरम होते.

"पापाला साक्षीदार लागतात हे आज कळलं," जालिंदर म्हणाला. "आमचं सगळं आयुष्य बेकायदाच गेलं."

"पंचांनी बोलू नये," मी म्हणालो.

अंजिराबाईंनी पदर खोचला आणि हात डब्यावर नेला. तिथेच थांबला. आम्ही घड्याळाकडे बघत होतो. चार मिनिटे गेली. ढोबळे हळूच म्हणाले, "घे गं बाई, एवढं काही नसतं. पहिल्यांदा जड जातं." यावर कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

शेवटी हात आत गेला आणि मूठ बाहेर आली. मी काट्यावर धरायला लावली. सत्तर ग्रॅम. त्यांनी मूठ उघडली नाही. त्या आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हत्या, उघड्या डब्याकडे बघत होत्या. बावीस वर्षांत त्यांना असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. खरे तर दहाच दिवस पाहिले होते.

"कसं वाटतंय?" निकुंभ मॅडमनी विचारले. हा प्रश्न नमुन्यात आहे.

"शाळेत पोरीच्या डब्यावर पाय पडला होता एकदा, तसं."

मॅडमनी कुपी फडक्यात परत गुंडाळली. "पुढं लिहा," मला म्हणाल्या. मी पुढचा प्रश्न वाचला, "सदर कृत्य आपण का केले?"

"तुम्ही पत्र दिलं म्हणून."

मी तसे लिहिले. चौकशीत उत्तर बदलता येत नाही. जालिंदर जोरात हसला. पंचनाम्यात ते घेतले नाही.

त्याच दिवशी घरी सौभाग्यवतींनी डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. त्या प्रत्येक वेळी ठेवतात. अंजिराबाईंवर त्यांचा विश्वास आहे, पण काट्यावर ठेवल्याशिवाय तो त्यांना जाणवत नाही.

"अहो, एकशे तीस ग्रॅम कमी आहे."

"घट असेल."

"तिच्याकडे साठच्या वर घट येत नाही. अकरा वर्षांत नाही आली." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही गिरणीत गेला होतात आज. पायांना पीठ आहे. काय केलंत?"

सांगावे लागले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"तिच्याकडून चोरी करवलीत? आणि तीही आपल्याच घरी?"

"कार्यालयाच्या आदेशाने."

"मग चोर कोण झालं, ती की कार्यालय?"

"हे अजून ठरायचं आहे."

"तुमच्या कानात ते काय ते खाकरत असतं ना? आज आजारी होतं का?" त्यांनी डब्याचे झाकण आपटून लावले. "एक मूठ मागितली असती तर मीच दिली असती. तिला म्हणावं, हवं तर दोन घे, पण असल्या कागदांवर सही करू नको."

मालकाने मागाहून दिलेली ही संमती मला प्रकरणात नोंदवणे भाग होते. ती नोंदवून पंचनामा मंजुरीसाठी जिल्ह्याला पाठवला; मंजुरीशिवाय कुपी ओतता येत नाही. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात म्हटले होते की, (अ) कार्यालयाच्या लेखी आदेशाने केलेले कृत्य हे आदेशाचे पालन होय; (ब) आदेशाचे पालन हे रकाना चारमधील सद्वर्तन होय; (क) सबब अर्जदाराचे एकही वाईट कृत्य अद्याप सिद्ध झालेले नसून, उलट एका सद्वर्तनाची भर पडली आहे; (ड) मूळ मालकाची संमती पाहता सत्तर ग्रॅम पीठ ही भेट समजण्यात यावी. कुपी परत पाठवावी.

मी हे अंजिराबाईंना वाचून दाखवले. त्यांनी गिरणीतल्या कोनाड्यातून कागदाची एक पुडी काढली. तीत ते सत्तर ग्रॅम होते.

"मला भेट नको. हे तुमच्या घरी काकूंना द्या. चार दिवस झाले, मला जेवण गेलं न्हाई."

"ते आता कायद्याने तुमचं आहे."

"असंल. पण पीठ त्यांचं आहे."

पुडी मी घेतली. पोच दिली.

शनिवार होता. सोमवारी टाळे लावण्याचा आदेश टंकलेखनाला गेला होता. मी दुपारी कार्यालयात बसून परवाना नियमावली पहिल्यापासून वाचली. पान एकशे बाराच्या तळाला एक पोटकलम आहे, ते फारसे कुणी वाचलेले दिसत नाही. पाने एकमेकांना चिकटलेली होती. त्यात म्हटले आहे की, विवेक पुरवठ्यासाठी अर्ज प्रलंबित असेल तोवर अर्जदाराचा व्यवसाय बंद करता येणार नाही. अर्ज नामंजूर झाला तर बंद करता येईल. मंजूर व्हायचा तर वाईट कृत्य लागेल.

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता अंजिराबाईंचा नवीन अर्ज आवक झाला. अक्षर माझे होते, कारण त्यांचा हात पिठाचा होता. टाळे घेऊन निघालेला शिपाई दारातून परत बोलावला.

"हे किती दिवस चालणार, कुलथेसाहेब?" निकुंभ मॅडमनी विचारले.

"छाननी नियमाप्रमाणे होईल."

त्या माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिल्या. मग त्यांनी अर्जावर "श्री. कुलथे यांनी तपासून सादर करावे" असे लिहिले आणि नरसाळे कपाटात ठेवले.

या गोष्टीला चौदा महिने झाले. अर्जाची छाननी माझ्याकडे असून दर महिन्याला एक त्रुटी आढळते. पहिल्या महिन्यात अर्जदाराची सही समासाला लागलेली आढळली. त्यानंतर अर्जात "डावा कान" म्हटले आहे तो अर्जदाराचा डावा की पाहणाऱ्याचा, याबद्दल खुलासा मागवला. मागच्या महिन्यात कागदाच्या मागील बाजूस पीठ आढळले. ते अर्जाचा भाग मानावे की सोबतचे जोडपत्र, याबाबत जिल्ह्याचे मार्गदर्शन मागवण्यात आले आहे. जिल्ह्याने पिठाचा नमुना मागितला आहे. नमुना नेमका कुठल्या धान्याचा, हे आम्ही त्यांना विचारले आहे.

गिरणी सकाळी सात ते बारा आणि दुपारी चार ते सात चालू असते. मी आठवड्यातून दोनदा समोर स्टूल टाकून बसतो आणि अंजिराबाईंच्या हातांवर लक्ष ठेवतो. संशय अद्याप दूर झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.